वरवंट्याचं कौतुक

काटाबाई घरात आली की पयल्यांदा वरवंट्याचं कौतुक करायची. पोराचं न्हवं, वरवंट्याचं. पाट्यावरचा आपला चटणी वाटायचा दगूड, त्यो ती दोनी हातांनी उचलायची, छातीशी धरायची आन म्हनायची, "काय गुटगुटीत हाय गं माझं सोनं! कसं टणक!" मग पोराकडं वळायची. "आन हे काय ध्यान? बेडूक बरा की ह्याच्यापरीस!"

पयल्यांदा आयकलं तवा मला हसावं का रडावं ते कळंना. पर गावातल्या बायकांना तिचं लय बरं वाटायचं. पोराला कुनी चांगलं म्हनलं की दृष्ट लागती, आन ही बाई तर घरोघरी जाऊन पोरांना शिव्याच घालती, मग भ्यायचं कशाला?

ती वडूजच्या दवाखान्यातली. पोरं तोलायची, बायकांना काय रांधायचं काय खायाचं ते सांगायचं, ही तिची नोकरी. छत्री घिऊन, धुळीतनं चालत यायची. पिशवीत एक ताणकाटा, म्हंजी आकडा लावलेला वजनाचा काटा, त्यो आमच्या आढ्याला अडकवायची आन त्याला झोळी. आता पोराचं वजन असं चारचौघीत बोलून दावायचं म्हंजी कोन करू दील? म्हनून तिनं युगत काडल्याली. आदी नुसता वरवंटा तोलायची, मग वरवंटा आन पोर संगट. मोठ्यानं सांगायची ते दोगांचं मिळून. पोराचं एकट्याचं किती, ते तिच्याच डोक्यात ऱ्हायाचं.

आन सोता मातुर म्हनायची, "दृष्ट-बिष्ट काय नसती गं! दृष्ट लागून कोन वाळत न्हाई, उपाशी ऱ्हाऊन वाळतं. झाकण काढ!"

झाकण काढ म्हंजी चुलीवरच्या भांड्याचं. ते बघितल्याबिगर ती उंबरा वलांडून जायाची न्हाई.

माझा नामू वर्साचा व्हायला आलता आन नुसता चामडीचा ऱ्हायलेला. हातपाय काड्या, प्वाट तेवडं फुगल्यालं. माझी सासू, आत्याबाई, म्हनली, "मुडदूस झालाय ह्याला. येत्या अवसेला पोटावर डाग द्यायचा." खुरप्याचा शेंडा चुलीत लाल करून पोटावर टेकवायचा, असा त्यो डाग. मालक लढाईवर, मी कुनाला सांगू? कुनी चुलीत लाकूड सारलं तरी मी नामूला उचलून भाईर न्हायाची.

त्या दिवशी काटाबाई आली. वरवंटा उचलला. नामूला झोळीत घातलं, काट्याकडं बघितलं. आन गप.

ना वरवंट्याला सोनं म्हनली, ना नामूला बेडूक.

खालच्या आळीच्या तान्हीला बघून ती अशीच गप झालती, आन ती पोर गेली. मी म्हनलं, "बाई, आवं, काय तरी म्हना की! माकड म्हना, काय बी म्हना!"

ती म्हनली, "काय खातंय?"

"अंगावरचं पितंय. आजून उष्टावण झालं न्हाई."

"का न्हाई झालं?"

आत्याबाई म्हनली, "मामाच्या मांडीवर बसवून पयला घास द्यायचा आस्तो आमच्यात. हिला एकच भाऊ, त्यो बी पल्टनीत. त्यो आल्याबिगर अन्न कसं लावायचं?"

"आन ही काय खाती?"

"खाती की. समद्यांच्या मागनं."

"झाकण काढ."

आमटीत पळी बुडवली तिनं. वरनं नुसतं पाणी काडलं, वाटीत वतलं. "हे हिला. व्हय न्हवं? आन तळाचं कुनाला?"

"गड्यांना. रानात राबत्यात त्ये."

"हिच्या अंगावर बी एक गडी दिसरात राबतोय की, आजी! त्याचं काय? आजपास्नं हिला तळाचं. आन पोरालाबी तळाचं. पाण्यानं हाडं व्हत न्हाईत!"

आत्याबाई म्हनली, "पर मामा?"

बाईनं हिकडं तिकडं बघितलं. खुंटीला माझ्या भावाची खाकी टोपी हुती, मागं सुट्टीवर आलता तवा इसरून गेलता. ती घितली आन वरवंट्याच्या डोक्यावर ठिवली.

"ह्यो बघा मामा. आला सुट्टीवर."

"आवं बाई, याड लागलं का तुमाला? दगूड कुटं मामा आस्तो?"

"नामूच्या बारशाला ह्योच वरवंटा पोर हुता का न्हाई? तुमीच ह्याला कुंची घातली, पाळण्याखालनं फिरवला, कुनी गोविंद घ्या, कुनी गोपाळ घ्या म्हनलासा. तवा त्यो दगूड न्हवता, आन आताच कसा झाला?"

आत्याबाईनं वरवंट्याकडं बघितलं. मग म्हनली, "पर मामाला असा भुईवर बसवत्यात व्हय? पाट आन गं. आन कुक्कू आन."

झालं. मामाला पाटावर बशिवलं, टिळा लावला. नामूला त्याच्याम्होरं माझ्या मांडीवर धरलं. मोड आल्याल्या नाचणीची पेज, त्यात तळाची डाळ कुस्करून, बाईनं मामाच्या नावानं घास दिला. नामूनं त्यो समदा थुकून टाकला, मामाच्या टोपीवर.

तरीबी बाई त्याला काय म्हनली न्हाई. छत्री घितली आन आत्याबाईला म्हनली, "अवसेच्या आदी येती. तवर खुरपं लावू नगा. वजन वाडलं न्हाई तर मग तुमचं खुरपं, आन पोराला मी धरती."

आईशपत सांगते, ते दिस मी कसे काडले ते माझं मला ठावं. नामू खायाचा, वकायचा. प्वाट झाडायचा. आत्याबाई दारात बसून नुसती बघायची. मला तळाचं वाडायची, पर पळी ताटात आपटून. मी रडत रडत खायाची, आन खाताना म्हनायची, हे माझं न्हवं, हे नामूचं, हे नामूचं.

अवस तोंडावर आली तवा काटाबाई आली. आत्याबाईनं खुरपं घासून चुलीपाशी ठिवल्यालं. बाईनं ते बघितलं. वरवंटा तोलला. मग नामूला घातलं. झोळी हालंना का फिरंना का, मी आढ्याकडंच बघत हुते, खाली बघायचा धीर न्हाई. बाईनं झोळी उतरवली. परत आडकवली. परत बघितलं.

"बाई," मी म्हनलं.

"काय हे माकाड!" बाई वरडली. "काय ते त्वांड! बघा की, रडतंय कसं डोंबकावळ्यावानी! ह्याला कोन पोरगी दील?"

मी नामूला झोळीतनं काडून उरी धरलं. हसत हुते का रडत हुते कुनास ठावं. बाई आजून शिव्या मोजतच हुती, नाक नकटं, कान सुपाएवडे, डोस्कं भोपळ्यावानी. आत्याबाईनं चुलीपासनं खुरपं उचललं, पदराला पुसलं, आन गुमान परसात गेली पोकळा खुरपायला.

बाई झोळीची घडी घालत हुती. मला अवसान आलतं. मी म्हनलं, "बाई, दृष्ट नसतीच म्हनता न्हवं तुमी?"

"न्हाईच लागत. येड्या बायका बोलत्यात."

"मग आज तरी एक चांगला सबूद म्हना की माझ्या नामूला. एकदाच."

तिचा हात थांबला.

"एकदा म्हनलं हुतं," ती म्हनली. "माझ्याला."

नामू माझ्या पदराशी झटत हुता. बाईनं पाट्यावर ठिवायला म्हनून वरवंटा उचलला, छातीशी धरला, "गुणाचं गं माझं ते," म्हनली, पर आज हळू, कुनाला आयकू जाऊ नये असं. रोजचंच तिचं ते, मी कितींदा हसले असंन त्याला. पर त्या दिवशी मी तिच्या हाताकडं बघितलं. एक हात बुडाखाली हुता, आन दुसरा वरच्या टोकामागं. मान न धरल्याल्या पोराला धरत्यात, तसा.