बाबांनी जुळवलेले तारे

ठिणगीने आठवडाभर घरात दवंडीच पिटली होती, की विज्ञान प्रदर्शनातून मोठ्या सभागृहात बोलायला निवड होणार ती तिचीच. गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा उंदरासारखी चीं करणारी ही मुलगी आता रोज आरशापुढे भाषण ठोकायची. आरसा बिचारा पळून कुठे जाणार!

तिचा विषय होता छोटे, कमी वस्तुमानाचे तारे. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना जोडीदार तारा असतो. या छोट्यांत मात्र साधारण चारांतल्या एखाद्यालाच. बाकीचे आपले एकटेच मिणमिणतात. हे दाखवायला तिने एका खोक्याच्या तोंडाला काळा पुठ्ठा लावला, आत लाल कागद आणि दिवा बसवला, आणि बाबांचा भोकं पाडायचा पंच घेऊन पुठ्ठ्यात वीस तारे पाडले. पाचांच्या शेजारी एकेक जोडीदार. पंधरा एकटे.

बाबा बूट शिवायचे. पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. नाडी ओवायची तर भोकाला समोर भोक हवंच, त्यामुळे आयुष्यात त्यांनी एकटं भोक कधी पाडलं नव्हतं. सकाळी ठिणगी वेणी घालत असताना त्यांना तो पुठ्ठा दिसला. पोरगी काम अर्धवट टाकून गेली, असं वाटून त्यांचा जीव कळवळला. राहिलेली पंधरा भोकं त्यांनी पाडून टाकली, वर फडकं घातलं आणि चहा प्यायला बसले. ठिणगीला सांगितलंही नाही. आपल्याच लेकीवर उपकार केले ते काय सांगायचे?

वर्गात खिडक्यांना पडदे लावून अंधार केला होता. परीक्षक यायच्या आधी वर्गाला एकदा दाखवावं, म्हणून ठिणगीने घसा साफ केला. “तुम्हीच मोजा. बहुतेक तारे एकटे दिसतील.”

दिवा लागला. सगळेच्या सगळे तारे जोडीने हजर, नाटकाला सहकुटुंब आल्यासारखे!

“यात एकटं कोण, तू?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग खिदळला.

ठिणगीचे कान तापले. पण आता ती जुनी ठिणगी नव्हती. तिने पंधरा जणांना पुढे बोलावून प्रत्येकाला एकेक भोक बोटाने झाकायला लावलं. मग आकाशात तारे कमी आणि कोपरंच जास्त दिसायला लागली. तेवढ्यात धुतलेला सदरा घालून बाबा लेकीचं कौतुक बघायला आले आणि आपल्या भोकांवरची ती बोटं बघून दारातच थबकले.

ठिणगीने एका दमात सगळं सांगितलं. बाबांचा चेहरा पार उतरला. मग खिशातून चामड्याचे बारीक तुकडे आणि डिंकाची बाटली काढून ते म्हणाले, “तू फक्त परीक्षकांना दारात अडव. मी निस्तरतो.”

तिने अडवलं. अख्खं आकाश परीक्षकांच्या कानात ओतूनच त्यांना आत आणलं आणि दिवा लावला.

वीसच्या वीस तारे एकटे! बाबांनी दुरुस्ती केली ती पुरती केली. खऱ्या पाच जोडीदारांवरही चामडं बसलं होतं.

“कुणालाच नाही का जोडीदार?” परीक्षकांनी विचारलं.

‘बाबांनी केलं’ हे तिच्या अगदी ओठांवर आलं. कोपऱ्यात बाबा डिंकाची बोटं सदऱ्याला पुसत उभे होते. तिने ते शब्द गिळले आणि केसांतली पिन काढली.

“आहे ना, सर. पण जोडीदार अंधूक असला तर पहिल्या नजरेत दिसत नाही. नीट शोधावा लागतो.” तिने पिनेने एकेक तुकडा उचकटला. पाच ताऱ्यांशेजारी पाच ठिपके उजळले. परीक्षक खोक्यापुढे चक्क उकिडवे बसले आणि पुन्हा पुन्हा मोजत राहिले.

निवड तिचीच झाली. बाबांनी त्या दिवसासाठी तिला नवे बूट शिवले. सभागृहाला निघताना ठिणगी बुटांत पाय घालून नाडी ओवायला वाकली, आणि तशीच राहिली. भोकं एकाच बाजूला होती.

“बाबा, दुसरी बाजू?”

बाबा पंच घेऊन दारातच उभे होते.

“म्हटलं, तुला विचारूनच पाडावीत.”