ओट्यावरचे चाळीस मोबाइल

चार काड्या

वीस वर्षं प्लंबिंग केलेल्या माणसाला नेटवर्किंग शिकवायची गरजच नाही, हे मी दादरच्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पाइपऐवजी केबल, टाकीऐवजी राउटर. बाकी सगळं तेच, फक्त कपडे कोरडे राहतात.

शेवटची परीक्षा अशी: आपल्या वस्तीत सार्वजनिक वायफाय लावायचं. चाळीस मोबाइल, एक तास, जोडणी तुटता कामा नये. पास झालो तर एका कंपनीत नोकरी. नापास झालो तर पुन्हा लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या.

"हे बघ संघर्ष, हे तुझं तिसरं करिअर," माझी बायको नम्रता म्हणाली. "चौथं मला झेपणार नाही."

शनिवारी आमच्या परळच्या चाळीतल्या सगळ्यांचे मोबाइल मी राउटरला जोडून दिले आणि अंगणात उभं राहून समजावलं. "पाण्यासारखं समजा. ओट्यावरचा राउटर म्हणजे टाकी. उद्या पाच ते सहा नेट येईल. सगळ्यांनी एकदम जास्त ओढू नका, प्रेशर जाईल."

माना हलल्या. इतकं सोपं करून मला क्लासमध्येही कुणी सांगितलं नव्हतं.

तीन काड्या

रविवारी पावणेपाचला खाली आलो. ओट्यावर चाळीस मोबाइल, एकामागे एक, सकाळी नळाखाली हंडे असतात तसे. काहींना ओळखीसाठी दोरा बांधलेला. एकावर ताटली. माणूस एकच: जाईबाई, पाण्याच्या रांगेच्या तहहयात मुकादम.

"माणसं कुठायत?"

"घरी. नंबर लावून गेलेत."

"अहो, सगळ्यांनी मिळून वापरायचंय."

"आणि प्रेशर? काल तूच बोललास ना?"

पहिला नंबर अर्थातच त्यांचा. नातीच्या लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ त्या आपल्या मोबाइलमध्ये भरून घेणार होत्या.

एक काडी

(सिग्नलच्या दोन काड्या कधी येऊन गेल्या, मला कळलं नाही.)

पाच वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरच्या बुधाजीने दारात सिग्नल वाढवायचं यंत्र लावल्याचं उघडकीला आलं.

"मोटर लावली रे याने," कुणीतरी ओरडलं.

नळाला चोरून मोटर लावणाऱ्याचं आमच्याकडे जे होतं, तेच झालं. चौघे वर गेले आणि यंत्र, शिवाय दिसेल ती वायर उपटून खाली घेऊन आले. त्यात गच्चीवरून येणारी माझी मुख्य केबलही होती.

राउटरचा दिवा लाल झाला. तेवढ्यात माहीमहून परीक्षक आल्या, क्लेअर मॅडम.

जोडलेले आहे, इंटरनेट नाही

मी दिव्यासमोर उभा राहिलो.

"युजर्स कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं.

"रांगेत."

त्यांनी मोबाइल मोजले. चाळीस. मग तपासायला स्वतःचा फोन काढला.

"मागे, मॅडम," जाईबाई म्हणाल्या. "तुमचा एकेचाळिसावा."

मॅडमनी फोन रांगेच्या शेवटी ठेवला. नम्रताने चहा आणला.

वरून कुणीतरी विचारलं, "जाईबाई, भरलं का?"

"सत्तेचाळीस टक्के."

वीस मिनिटांनी, "आता?"

"सत्तेचाळीस."

"बरं."

कुणी चिडलं नाही. कुणी पुढे घुसलं नाही. बुधाजीसुद्धा खाली येऊन आपला अठ्ठाविसावा नंबर शाबूत आहे, एवढं बघून गेला. मी दिव्यासमोरून हललो नाही. पाठीला किंचित ऊब लागत होती.

सहा वाजता मॅडमनी लॅपटॉप लावून राउटरमधली नोंद पाहिली. मोबाइल आणि राउटर यांची जोडणी एकदाही तुटली नव्हती. कुणी वापरलंच नाही तर तुटेल कशी? त्यांनी शेरा लिहिला: "चाळीस उपकरणे, एक तास, अखंड. वापरकर्ते अतिशय शिस्तबद्ध. पास."

त्या गेल्यावर मी जाईबाईंना विचारलं, "पाऊण तास आकडा हलला नाही. बोलला का नाहीत?"

"कोरड्या नळाशी काय बोलायचं? येईल तेव्हा येईल. आपण नंबर सोडायचा नाही."

नोकरी लागली. कंपनीने मला तक्रारींच्या फोनवर बसवलं. तिथले लोक दोन मिनिटं नेट गेलं तरी आवाज चढवतात. तिसऱ्या दिवशी मी एका ग्राहकाला जाईबाईंचं उत्तर शब्दशः दिलं.

चौथ्या दिवसापासून मी घरी आहे.