रानजायफळांचं शुद्ध घराणं

एका जंगलात, मुलांनो, सिंहमहाराजांनी रस्ते बांधले. इतके बांधले की जंगलाचे चार तुकडे झाले. महाराजांनी दवंडी पिटवली, "पूर्वी आपल्याकडे एकच जंगल होतं. आता चार आहेत!" प्रजेने टाळ्या वाजवल्या.

सगळ्यात लहान तुकड्यात रानजायफळांचं एक घराणं होतं. अकरा झाडं. थोरले होते अप्पासाहेब. त्यांना रस्ता फार आवडला.

"आता परक्यांचं येणंजाणं बंद," ते म्हणाले. "आपलं रक्त शुद्ध राहील."

"अप्पा, झाडांना रक्त नसतं, चीक असतो," त्यांची पुतणी रेणुका म्हणाली.

"तोही लाल असतो ना? मग झालं!"

रेणुका लग्नाची होती. एके दिवशी म्हातारा धनेश पक्षी रस्त्यावरचं उघडं आभाळ ओलांडून, धापा टाकत तिच्या फांदीवर येऊन बसला. त्याच्या चोचीत लाल जायपत्रीत गुंडाळलेलं एक बी होतं.

"स्थळ आणलंय," तो म्हणाला. "पलीकडच्या जंगलातलं. चांगलं निरोगी घर आहे. याच्या आजोबांनी तीन वादळं अंगावर घेतली."

"गोत्र कोणतं?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"तुमच्याहून वेगळं. म्हणून तर आणलं."

"म्हणजे परकाच की!"

"अप्पा, रुजू तर द्या त्याला," रेणुका म्हणाली. "मी थांबेन."

अप्पासाहेबांनी फांदीवरच्या एका माकडाला खूण केली. माकडाने बी उचललं आणि रस्त्यावर भिरकावलं. एका गाडीखाली त्याचा चुरा झाला.

धनेशाने चोच पुसली. "या वयात एवढं आभाळ मला पुन्हा ओलांडवायचं नाही," तो म्हणाला आणि गेला.

मग रेणुकेचं लग्न शेजारच्याच चुलतभावाशी लागलं. वऱ्हाडाला चालावंही लागलं नाही.

तिच्या शंभर बियांतलं एखादं रुजायचं. जे रोप वर यायचं ते डावीकडे वाकलेलं असायचं. सगळी रोपं डावीकडेच. अप्पासाहेबांना कौतुकाने भरून यायचं. "याला म्हणतात घराण्याचं वळण!"

दुसऱ्या उन्हाळ्यात रोपं मान टाकायची. रेणुका त्यांच्यावर आपली पानं गाळून सावली करायची. पण रोपं काही तग धरत नव्हती.

आणि मग एक भुंगा आला. त्याने आधी अप्पासाहेबांचं खोड पोखरलं. त्याला त्या चिकाची सवय व्हायला महिना लागला. पुढच्या दहा झाडांना त्याला दहा दिवस पुरले. चव तीच होती.

पलीकडच्या जंगलातही तो गेला. तिथे कुणाची साल कडू, कुणाचा चीक घट्ट. चार झाडं खाऊन त्याचं पोट बिघडलं आणि तो निघून गेला.

"अप्पा, ते बी रुजलं असतं तर..." रेणुका शेवटी म्हणाली.

"तर त्याने आपलं नाव बुडवलं असतं," अप्पासाहेब म्हणाले आणि कडाडून कोसळले. पावसाळ्याच्या आत रेणुकाही गेली.

वर्षभराने महाराजांनी पाहणीसाठी कोल्हा पाठवला. कोल्ह्याने अकरा वाळके ओंडके बघितले, चष्मा सावरला आणि अहवाल लिहिला, "या जंगलात एकही परकं झाड आढळलं नाही."

महाराजांनी त्या तुकड्याला 'आदर्श वन' पुरस्कार दिला. घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून तो भुंग्याने स्वीकारला.

तात्पर्य : घराणं शुद्ध ठेवायचं असेल, तर ते जिवंत ठेवण्याच्या भानगडीत पडू नये.