वाफ गेली पाहिजे

आमच्या शेजारच्या निकमकाकांना नवं जाकीट दाखवायचं असेल, तर आधी मोबाइल खिशातून काढून ठेवावा. कारण "छान आहे हो," म्हणत हा माणूस तांब्याभर पाणी तुमच्या खांद्यावर ओततो. जाकिटात तुम्ही आहात, ही त्यांच्या लेखी किरकोळ बाब असते.

अंबडच्या एका कारखान्यात रेनकोटच्या कापडावर लेप चढवण्यात काकांची उभी हयात गेली. रिटायर झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात. काका लोकांच्या कपड्यांना लागले. सोसायटीच्या सभेत गच्चीच्या गळतीचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी अर्धा तास रेनकोटवर भाषण दिलं. गच्ची अजून गळते.

मी ट्रेकसाठी महागडं जाकीट घेतलं, तेव्हा त्यांनी मला पेशंटसारखं खुर्चीत बसवलं आणि पाणी ओतलं. मग जाकीट उतरवून त्याची बाही माझ्या वाफाळत्या चहाच्या ग्लासावर ताणली, वर दुसरा ग्लास पालथा घातला. मदत म्हणून मी कापडाला फुंकून पाहिलं.

"फुंकताय काय? बासरी आहे का ती? वारा अडला पाहिजे, वाफ गेली पाहिजे!"

वरचा ग्लास आतून धुरकट झाला. "कापड पास." मग माझ्या भिजलेल्या शर्टाकडे बघून, "शिलाई नापास. ठेवून जा, आतून पट्टी मारतो."

चहा मी गारच प्यायलो.

चार दिवसांनी जाकीट आणायला गेलो. काकूंना अर्धांगवायू झालाय हे मला ठाऊक होतं. भेटायला जायचं मात्र दोन वर्षं राहून गेलं होतं. आतल्या खोलीत काकू चाकाच्या खुर्चीत, आणि त्यांच्या पलंगावर भर दुपारी काका उघड्या पाठीने उताणे.

"या, बसा," काकू म्हणाल्या. "नवी चादर शिवलीय यांनी. तपासणी चाललीय."

काका ओशाळून उठले. "रबरी चादरीवर घाम कोंडतो, पाठ सोलते. या नव्या चादरीतून पाणी गादीत जात नाही, पण घाम सुकतो. तिला डाव्या अंगाला काही कळत नाही ना. टोचलं, उकडलं, तरी सांगता येत नाही. म्हणून आधी दुपारभर मी झोपून बघतो."

"घोरतातसुद्धा," काकू म्हणाल्या.

"जरा खांदा धरता?" काकांनी विचारलं. "एकट्याने उचललं की तिला हिसका बसतो."

मी धरला. काकूंना निजवल्यावर काकांनी त्यांच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून सरळ केली.

"बरं वाटतंय?"

काकूंनी उजवा हात पुढे करून त्यांच्या हातावर ठेवला. "वाटतंय."