नाव न सांगितलेली बहीण

गोजरबाईंनी पाकीट चिकटवलं, पुन्हा उघडलं आणि एक ओळ वाढवली : "माझं नाव कोणाले सांगजो नको." पुढचा सगळा घोटाळा या एका ओळीनं केला.

गोजरबाई वरवट बकालच्या बायबलबाई, घरोघर जाऊन बायांना बायबल सांगणाऱ्या. नवं मराठी राज्य होऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यांना या कामाला अकरा. खांद्याला थैली, थैलीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका आणि डोळ्यांचं मलम, पायाला भिंगरी. गावातल्या सुना त्यांच्याजवळ मन मोकळं करत. "बाई, तुमाले सांगतलं की हलकं वाटते," म्हणत आणि हलक्या होऊन घरी जात. जड व्हायच्या त्या गोजरबाई. त्यांनी कुणाला सांगायचं? एकदा चिखलीच्या पाळकसाहेबांना सांगून पाहिलं. साहेबांनी तीन वचनं दिली आणि वर दोन गावं वाढवून दिली. तेव्हापासून बाई गप्प झाल्या. आपल्यासारखंच काम करणारी एखादी बाई समोर बसावी, चहा निवेपर्यंत बोलावं, एवढीच त्यांची भूक होती. अकरा वर्षांत ती भागली नाही. म्हणून त्यांनी चिखलीच्या बायबलबाई कोकिळाबाईंना लिहिलं : मन थकलं, आता थैली साहेबांना परत करून भावाकडं जाते, प्रार्थना कर.

कोकिळाबाई शब्दाच्या पक्क्या. बुधवारच्या स्त्री-सभेत त्या म्हणाल्या, "आपल्यातली एक सेविका लय थकली हाये. तिच्यासाठी प्रार्थना करा. नाव सांगता येत नाही."

झालं! नाव सांगितलं असतं तर बायांनी दोन ओळींत उरकून घर गाठलं असतं. नावच नाही म्हटल्यावर दुखणं मोठं असणार. पहिलीनं थकव्यासाठी प्रार्थना केली. दुसरीची प्रार्थना पहिलीपेक्षा लहान कशी असावी? तिनं तापासाठी केली. तिसरीनं त्यात काळीज घातलं. सुलतानपूरच्या वयस्कर बायबलबाई तानाबाई त्या दिवशी सभेला आल्या होत्या. त्यांची पाळी येईपर्यंत डॉक्टरांनी हात टेकले होते. कोकिळाबाई डोळे मिटून नुसत्या तळमळत होत्या. देवाशी बोलणाऱ्या बाईला मध्येच टोकायचं तरी कसं? आमेन झालं तेव्हा सगळ्या रडत होत्या, आणि रडणाऱ्या बायांना "तसं काही नाही" म्हणायची त्यांना हिंमत झाली नाही.

तानाबाईंनी डोळे पुसले आणि जिल्ह्यातल्या सगळ्या बायबलबायांना कार्डं टाकली : "आपली एक बहीण शेवटच्या घटका मोजत आहे. तीन दिवस उपास धरावा. पुढल्या शनिवारी चिखलीस मिळून सोडू. नाव विचारू नये."

कार्ड वरवट बकालला पोचलं.

"कोण असंन वं माय?" गोजरबाई स्वतःशीच म्हणाल्या. तानाबाई कार्ड लिहितात, म्हणजे त्या नव्हेत. आणि कोकिळेचं उत्तर? दहा दिवस झाले, उत्तर नाही! म्हणजे कोकिळाच! मरणाच्या दारातल्या बाईपुढं आपण आपलं रडगाणं गायलं! त्यांनी उपास धरला, पाण्याशिवाय काही घेतलं नाही. शनिवारी साहेबांना द्यायची थैली खांद्याला लावली आणि शेगाव, खामगाव करत एस.टी.नं चिखली गाठली.

कोकिळाबाई अंगणात मिरच्या कुटत होत्या.

"तू उठली कशी वं?" गोजरबाई ओरडल्या.

"पडली कवा होती मी?"

"मंग मरून कोण राह्यलं?"

कोकिळाबाईंनी मुसळ खाली ठेवलं, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "तूच."

सगळी हकीकत ऐकून गोजरबाईंना हसावं की रडावं कळेना. "म्हणजे माह्या मरणाचा उपास म्याच धरला? अन् तू मले लिवलं काऊन नाही?"

"काय लिवू? तू मरून राह्यली म्हणून?"

"आता खरं सांगाच लागन," गोजरबाई म्हणाल्या आणि दोघी चर्चकडं निघाल्या.

गावोगावच्या सात बायबलबाया उपाशीपोटी बसल्या होत्या. गोजरबाईंनी तोंड उघडायच्या आत तानाबाईंनी प्रार्थना सुरू केली. एरवी त्यांची प्रार्थना म्हणजे छापील पुस्तक. पण तीन दिवसांच्या उपासात शुद्ध भाषा टिकली नाही.

"बापा, तिले एकटं वाटू देऊ नको. मी बी तीस वर्षं सुलतानपुरात भिंतीशी बोलून राह्यली. सगळ्याइले धीर मी देतो. मले कोण देते, बापा?"

मग दुसरी बोलली, मग तिसरी. त्या बहिणीच्या तापाचं कोणी नाव काढलं नाही, काळजाचंही नाही. जी ती तिच्या आडून आपलंच सांगत होती. गोजरबाई पदरात तोंड खुपसून रडल्या. अकरा वर्षं जिची वाट पाहिली ती बाई एक नव्हती, सात होत्या, आणि त्याही वाटच पाहत होत्या.

आमेन झालं. "कोकिळे," तानाबाईंनी विचारलं, "कशी हाये ती आता?"

कोकिळाबाईंनी गोजरबाईंकडं पाहिलं. गोजरबाई खरं सांगायलाच उभ्या राहिल्या. पण सातही चेहरे पाहिले आणि तोंडून भलतंच निघालं.

"जीव वाचला तिचा. पण दुखणं लय जुनं हाये. दर महिन्याले असं बसा लागन."

बायांनी तिथंच पुढल्या महिन्याचा शनिवार ठरवला. उपास मात्र नको, असं एकमतानं ठरलं. मग भाकरी आल्या, चहा आला, तो निवला तरी बोलणं सरेना. पाळकसाहेब दारात येऊन म्हणाले, "गोजरबाई, तुमचं काही काम होतं का माझ्याकडं?"

"नाही साहेब," थैली सावरत गोजरबाई म्हणाल्या. "बायाइले भेटाले आली होती."

संध्याकाळच्या एस.टी.त त्या चढत होत्या तेवढ्यात तानाबाईंनी त्यांचा हात धरला, बाकीच्यांपासून जरा बाजूला घेतलं आणि कानाशी लागून म्हणाल्या,

"गोजरे, इतक्यात बरी होजो नको."