अम्पारोचा दगड

ओर्निल्योसच्या धर्मशाळेत पोचल्यावर लेआन्द्रोने बूट काढले, पाय थंड पाण्यात बुडवले आणि कोरड्या मोज्यांसाठी सॅकमध्ये हात घातला. निळ्या मोज्यांची गुंडाळी उलगडली, तसा तिच्यातून ऑलिव्हएवढा एक पांढरा खडा निघाला आणि नेमका त्याच्या टाचेच्या फोडावर पडला.

"आई गं!" लेआन्द्रो कळवळला. आपली बायको अम्पारो कपडे अंगणात कुठेही वाळत टाकते, त्याचं हे फळ, असं म्हणत त्याने खडा खिडकीबाहेर भिरकावला. मग स्वेटर शोधायला हात आणखी खाली गेला. पावसाच्या कोटाच्याही खाली, सॅकच्या अगदी तळाशी, त्याला काहीतरी गार आणि जड लागलं. त्याने ते दोन्ही हातांनी बाहेर काढलं.

दगड होता. पावाएवढा, चपटा, गुळगुळीत.

"म्हणजे हाच तो," लेआन्द्रो स्वतःशी म्हणाला. दिवसभर आपले खांदे का भरून आले, तेही त्याला कळलं.

दगडाबद्दल त्याला माहीत नव्हतं असं नाही. बुर्गोसपासून सान्तियागोपर्यंत पायी जाणारा प्रत्येक जण घरून एक दगड नेतो आणि वाटेतल्या डोंगरावर लोखंडी क्रुसाच्या ढिगात ठेवतो. लेआन्द्रोचा देवावर विश्वास नव्हता. अम्पारोचा होता, आणि तेवढा दोघांना पुरे होता. गुडघ्याचं ऑपरेशन ती दोन वर्षं पुढे ढकलत आली होती. आता तारीख मिळाली होती, दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारची. निघताना ती दारात उभी राहून म्हणाली होती, "अंगणातला दगड ठेवलाय मी सॅकमध्ये. तो क्रुसाशी पोचला तर मी टेबलावर झोपीन. नाही पोचला, तर त्या डॉक्टरला सांग, तूच झोप म्हणावं."

ती म्हणजे तीच. दगड बेताचा असेल अशी आशा ठेवण्यात अर्थ नव्हता. चौतीस वर्षांत तिने दोघांचा स्वयंपाक कधी सहा जणांना पुरेल त्याहून कमी केला नव्हता.

यात्रेची कल्पना मात्र पास्कुआलची. तेरुएलच्या त्यांच्या गावात चौघे रोज जेवणानंतर बारमध्ये पत्ते खेळत: पास्कुआल खाटीक, फाउस्तो न्हावी, बेनिग्नो चर्चची घंटा वाजवणारा, आणि ग्रंथालयातून निवृत्त झालेला लेआन्द्रो. फेब्रुवारीत एकदा डाव हरल्यावर पास्कुआलने पत्ते फेकले आणि जाहीर केलं, "साठी उलटली तरी सान्तियागो पाहिलं नाही. काय, मेल्यावर जायचं?" मार्चमध्ये त्याने सगळ्यांच्या सॅकमध्ये स्वतःच्या हाताने वजनं भरली आणि सरावासाठी गावाभोवती फेऱ्या मारायला लावल्या. लेआन्द्रोचा सराव दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि चौथ्या दिवशी एक जाडजूड पुस्तक आलं.

दगड फेकून द्यायचं लेआन्द्रोला धाडस होईना, आणि वाहून न्यायचं त्राण नव्हतं. सकाळी त्याने सुशिक्षित माणसाला शोभेल असा मधला मार्ग काढला. पास्कुआल दाढी करत होता. त्याची सॅक उघडी होती. पास्कुआलने आयुष्यभर खांद्यावरून अख्खी डुकरं वाहिली होती, त्याला चार किलोंचं काय? क्रुसाच्या आदल्या दिवशी गुपचूप परत काढून घेऊ. लेआन्द्रोने दगड त्याच्या टॉवेलखाली सरकवला आणि तो शीळ घालत रस्त्याला लागला.

तीन दिवस स्वर्गात गेले. पाचव्या दिवशी कारिओनमध्ये त्याने स्वेटरसाठी सॅकमध्ये हात घातला, आणि तळाशी काहीतरी गार आणि जड लागलं.

पास्कुआलने चेष्टा केली असणार. लेआन्द्रोने जेवताना त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"काय बघतोस? मिशीला सूप लागलंय?" पास्कुआलने विचारलं.

"नाही. सॅक कशी आहे तुझी?"

"सॅकसारखी. का रे?"

चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पास्कुआलला पत्त्यांत चांगलं पान आलं की कान लाल व्हायचे. हा माणूस खोटं बोलूच शकत नव्हता. दुसऱ्या दिवशी लेआन्द्रोने दगड पुन्हा त्याच्याच टॉवेलखाली ठेवला, या खेपेला शर्टात गुंडाळून. चार दिवसांनी लेओनच्या धर्मशाळेत दगड परत आला. शर्टासकट.

लेआन्द्रो पलंगावर बसून दगडाकडे पाहत राहिला. चाळीस वर्षं तो गावातल्या पाद्र्याशी वाद घालत आला होता. ज्या संताच्या दर्शनाला लोक सान्तियागोपर्यंत पायाची सालटी काढत जातात, तो स्वतः मेल्यावर दगडी होडीत बसून आरामात किनाऱ्याला लागला, एक पाऊल चालला नाही, हा त्याचा आवडता मुद्दा होता. दगडी होडी तरंगते म्हटल्यावर तो पोट धरून हसायचा. आता एक दगड दोनदा पाय फुटल्यासारखा परत आला होता, आणि त्याला हसू येत नव्हतं.

"हे बघ," तो दगडाला हळूच म्हणाला, "माझा तुझ्यावर विश्वास नाही. पण गुरुवारी क्रुसाशी पोचू तेव्हा तू जागेवर असलास म्हणजे झालं." आणि मंगळवारी सकाळी त्याने त्याला पास्कुआलच्या सॅकमध्ये ठेवलं. विश्वास असो नसो, पाठ त्याचीच होती.

गुरुवारी सकाळी राबानालमध्ये त्याने आधी आपली सॅक पाहिली. दगड नव्हता. मग पास्कुआल कॉफी आणायला गेल्याचं पाहून त्याची सॅक उपसली. टॉवेल, साबण, अर्धं सॉसेज. दगड नव्हता. क्रूस दोन तासांवर, ऑपरेशन उद्यावर.

"लेआन्द्रो," मागून आवाज आला, "माझ्या चड्ड्यांमध्ये काय शोधतोयस?"

"दगड," लेआन्द्रो म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

पास्कुआलच्या हातातली कॉफी हिंदकळली. "तो तुझा होता होय? च्यायला! तीनदा सापडला मला! तीन किलो आठशे, काटा न लावता सांगतो."

"मग केलंस काय त्याचं?"

"बेनिग्नोच्या सॅकमध्ये टाकला. तिन्ही वेळा. घोरतो लेकाचा."

खोलीच्या कोपऱ्यात फाउस्तो केस विंचरत होता. त्याचा कंगवा थांबला. "म्हणजे माझ्याकडे बेनिग्नोकडून आला? आणि मी पाद्र्याचा शाप समजून त्याच्या नावाने बोटं मोडतोय!"

"तू कुणाच्या सॅकमध्ये टाकलास?" लेआन्द्रोने विचारलं.

"तुझ्या. म्हटलं, तुला कळणार नाही. पुस्तक समजशील."

लेआन्द्रोच्या आयुष्यातला एकमेव चमत्कार असा कॉफी निवायच्या आत संपला. पण वाईट वाटून घ्यायला सवड नव्हती. "बेनिग्नो कुठाय?"

"पहाटेच पुढे गेला," फाउस्तो म्हणाला. "म्हणे मला एकट्याला चालायचंय. तोंड तर असं केलं होतं, जणू फाशीला निघालाय."

चढ वाईट होता. पास्कुआल पुढे, फाउस्तो केस सावरत मध्ये, आणि लेआन्द्रो मागून धापा टाकत. दोन जर्मन पोरींनी त्यांना पळताना पाहून टाळ्या वाजवल्या. क्रूस दिसला तेव्हा ढिगाच्या माथ्यावर बेनिग्नो गुडघे टेकून बसला होता, आणि त्याच्यासमोर तो दगड मानाने विराजमान झाला होता.

"बेनिग्नो! उचल तो!" लेआन्द्रो खालूनच ओरडला.

बेनिग्नोने दगडावर दोन्ही हात ठेवले. "नाही उचलणार. माझी शिक्षा आहे ही."

"कसली शिक्षा?"

"तीनदा आला रे तो माझ्याकडे. आपोआप. चाळीस वर्षं वेदीवरची वाइन प्यायलो, पाणी ओतून बाटली भरली. देवाला ठाऊक होतं."

"पास्कुआलने टाकला होता तो, गाढवा!" लेआन्द्रो म्हणाला. "आणि शिक्षा होती तर पहिल्या दोन्ही वेळा फाउस्तोच्या सॅकमध्ये कशाला कोंबलीस?"

"तोही प्यायचा."

फाउस्तोने डोंगराकडे पाहिलं.

"ते राहू दे," लेआन्द्रो म्हणाला. "तो दगड अम्पारोच्या गुडघ्याचा आहे."

"आता माझ्या पापाचा आहे. मी प्रार्थना केली त्याच्यावर. एका दगडावर दोन कामं चालत नाहीत."

ढिगाभोवती जमलेले यात्रेकरू श्रद्धेने पाहू लागले. त्यांना वाटलं, चार म्हातारे भावनावश झालेत. तेवढ्यात लेआन्द्रोच्या खिशात फोन वाजला. पडद्यावर अम्पारोचा चेहरा आला, नाकाच्या बाजूने फार जवळून.

"पोचलास? दाखव दगड."

लेआन्द्रोने फोन फिरवला. बेनिग्नोने घाईघाईने हात काढले.

"हे काय!" अम्पारो ओरडली. "हा माझा ऑलिव्हच्या पिंपावरचा दगड! मार्चपासून शोधतेय! झाकण वर तरंगतंय, अर्धी ऑलिव्हं मऊ पडली. पास्कुआल, तू नेलास ना सरावाच्या वेळी?"

पास्कुआलचे कान लाल झाले. "तरी म्हटलं, कुठेतरी पाहिलाय."

"मग... तुझा दगड?" लेआन्द्रोने चाचरत विचारलं.

"अरे, निळ्या मोज्यात ठेवला नव्हता का? छोटासा. तुझी पाठ दुखते म्हणून मुद्दाम छोटा निवडला. कुठाय?"

लेआन्द्रोच्या डोळ्यांसमोर ओर्निल्योसची खिडकी उभी राहिली. त्याने खाली वाकून ढिगातून हाताला लागेल तो ऑलिव्हएवढा खडा उचलला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

अम्पारोने चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"हाच," ती म्हणाली. "मी लाखात ओळखीन. ठेव नीट, क्रुसाच्या बुंध्याशी. उद्या जाते मी टेबलावर. आणि ऐक, माझा मोठा दगड घरी घेऊन ये."

लेआन्द्रोने खडा बुंध्याशी ठेवला. कुणी पाहत नाही असं बघून टोपीही काढली. मग मोठा दगड उचलून तो ढिगावरून उतरू लागला, तेव्हा त्या जर्मन पोरींनी देवळात चोरी पाहिल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं.

"आणि माझं पाप?" बेनिग्नोने विचारलं.

"पिंपावर," पास्कुआल म्हणाला.

शुक्रवारी सकाळी मोलिनासेकाच्या पुलावर चौघांची सभा भरली. बोलला पास्कुआलच. "तिने खडा ओळखला का? नाही. मग दगड ओळखणार आहे? हा इथे नदीत सोडू. सान्तियागोच्या जवळ असाच चपटा बघून घेऊ." लेआन्द्रो नाही म्हणणार होता, पण खांदे हो म्हणाले. दगड डुबुक करून गेला. पाणी तिथे गुडघाभर होतं.

दुपारी ते पोन्फेरादाच्या बरेच पुढे, एका द्राक्षमळ्याच्या कडेला बसले होते. कुणी जेवत नव्हतं. लेआन्द्रो फोन हातात धरून बसला होता; चौदा किलोमीटर त्याने तो खिशात ठेवला नव्हता. फोन वाजला तेव्हा तिघांनी एकदम मान वर केली.

"झालं," अम्पारोचा आवाज जरा जड होता. "गुडघा छान आहे म्हणे. डॉक्टर तुझ्यापेक्षा देखणा आहे."

लेआन्द्रोने फोन दुसऱ्या हातात घेतला. त्याने नाक पुसलं. पास्कुआलने त्याच्या पाठीत एक धपका घातला. बेनिग्नोने वाइनची बाटली उघडली, आणि या वेळी कुणाला चोरून नाही.

"लेआन्द्रो," ती म्हणाली, "आता खरं सांग. माझा खडा कुठे टाकलास?"

"म्हणजे? तू तर ओळखलास..."

"माझा पांढरा होता. तू दाखवलास तो काळा कुळकुळीत."

"मग हाच का म्हणालीस?"

"तू एवढा धापा टाकत वर चढलास, तोंड लालभडक झालं होतं. म्हटलं, हा माझ्यासाठी डोंगर चढतो, तर आपण नुसतं टेबलावर झोपायचंय." मग तिचा आवाज करडा झाला. "पण पिंपावरच्या दगडात मात्र फसवू नकोस हं. तो माझ्या आजीचा आहे. खालच्या बाजूला तिच्या नावाचं अक्षर कोरलंय. तो मी खरंच ओळखीन."

फोन बंद झाला. लेआन्द्रोने तिघांकडे पाहिलं. बेनिग्नोने निमूटपणे बाटलीला बूच लावलं. फाउस्तोने बुटांच्या नाड्या आवळल्या.

त्या दुपारी सान्तियागोकडे निघालेल्या यात्रेकरूंना वाटेत चार म्हातारे भेटले. ते उलट्या दिशेने चालले होते. प्रत्येक जण त्यांना काळजीने थांबवून सांगत होता, "बाबा, सान्तियागो तिकडे आहे."

"ठाऊक आहे," पास्कुआल दर वेळी म्हणत होता. "आम्ही नदीकडे चाललोय."