शनवार सुताराचे शास्त्रशुद्ध संशोधन

जर्मनीत यहुदी लोकांचा छळ सुरू झाल्याच्या बातम्या १९३३ साली सोलापुरात पोचल्या, तेव्हा आमच्या ज्ञानवर्धक मंडळाला फार वाईट वाटले. वाईट वाटले की मंडळ ठराव करते. त्याप्रमाणे 'यहुदीद्वेष : उगम व स्वरूप' या विषयाचे संशोधन करण्याचे ठरले. अध्यक्ष रामहरी वकील हा निबंध पुण्याच्या परिषदेत वाचणार होते. मी चिटणीस, म्हणून पुरावा गोळा करणे माझ्याकडे आले.

पुराव्यासाठी यहुदी हवा. भवानी पेठेत एक सापडला. बिन्यामिन झिराडकर, मूळचा कोकणातला, विणकरांचे माग दुरुस्त करणारा सुतार. शनिवारी हत्याराला हात लावत नसे, म्हणून पेठ त्याला शनवार सुतार म्हणे. तो यहुदी आहे हे पेठेच्या गावीही नव्हते. आम्ही त्याची घरमालकीण बजाबाई हिच्यापासून सुरुवात केली.

"बाई, यहुद्यांविषयी तुमच्या मनात द्वेष आहे का?" वकिलांनी विचारले.

"यहुदी? ते काय आसतंय?"

"तुमचा भाडेकरू."

"शनवार सुतार व्हय? लई गुणाचा माणूस हाय की! शनवारी हातोडा बंद, तेवढंच आमच्या कानाला बरं."

पेठभर हेच उत्तर. वकील हताश झाले. द्वेष नाही असा निबंध पुण्यात कोण ऐकणार? शेवटी त्यांनी निदान केले की दोष द्वेषाचा नसून शिक्षणाचा आहे. आरोपच ठाऊक नाहीत तर लोक मत कशावर देणार?

म्हणून बजाबाईच्याच अंगणात, आडाजवळ, जाहीर व्याख्यान ठेवले. विषय, 'यहुद्यांवरील निराधार आरोप'. वकिलांनी एकेक आरोप खणखणीत आवाजात सांगितला. युरोपात एके काळी आडात विष कालवल्याचाही आळ त्यांच्यावर घेत, हे तर अभिनयासह सांगितले. खंडनाची पाळी आली तेव्हा पानसुपारीचे तबक फिरू लागले होते.

पुढच्या फेरीत पेठ एकदम बोलकी झालेली आढळली.

"समदं खोटं हाय म्हंता," बजाबाई म्हणाली, "पर येवढं मोटं वकील पुस्तकं उगडून सांगत्यात, म्हंजी कायतरी आसंलच की! म्या त्येला आडाला शिवू नगं म्हून सांगितलंय. खोलीबी सोडाय लावलीय."

मी मान डोलावत लिहून घेतले.

त्याच दिवशी झिराडकर मंडळात आला. उभाच राहिला.

"वकीलसाहेब, माझं नाव तेवढं त्या निबंधातनं काढा. मी शनवार सुतारच बरा होतो. तुमी बजाबाईला एक शब्द सांगितलात तर ती ऐकंल. बायको दिवस भरलेली हाय, या वक्ताला खोली कुटं शोदू?"

वकिलांचे डोळे पाणावले. जे इतके दिवस ग्रंथांत वाचले ते आज समोर उभे होते.

"झिराडकर, आड बंद झाला त्या क्षणी नेमकी काय भावना झाली?"

"तहान लागली."

"सुंदर!" वकील म्हणाले. "मात्र बजाबाईंना आम्ही काही सांगणार नाही. मंडळ निरीक्षण करते, लोकांच्या कारभारात ढवळाढवळ करीत नाही."

झिराडकर बायकोला छकड्यात बसवून कुर्डुवाडीला गेला. रेल्वेच्या कारखान्यात काम मिळाले म्हणतात. त्याच्या खोलीला अजून भाडेकरू नाही, आणि पेठेतले माग दुरुस्तीवाचून पडून आहेत. पुण्यात निबंधाला टाळ्या पडल्या. प्रत्यक्ष उदाहरणामुळे निबंध जिवंत झाला, असे सर्वांचे मत पडले.

आता अडचण एवढीच, की सोलापुरात द्वेष मुबलक आहे आणि यहुदी उरलेला नाही. पुढच्या निबंधासाठी नवा माणूस पाहिजे. शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळून गेलेला असावा, त्याच्याविषयी कोणाची काही तक्रार नसावी. आपण एवढे वाचलेत, म्हणजे संशोधनाची आवड दिसते. बसा ना, उभे का? आडनाव काय म्हणालात आपले?